पॉलिश लावायचं का काढायचं?

...आणि वरून मलाच विचारतोय, "साहेब, टूथपेस्ट कुठली लावली होती? पांढरी का जेलची?" म्हणजे बघा! मी गाडी घेऊन गेलो होतो का दाढ घेऊन? मी म्हणलं, "पांढरी. मिठाची." तर त्यानं बॉनेटवर हात ठेवला आणि असा सुस्कारा सोडला, असा सोडला, की दहावीचे गणिताचे पेपर तपासतानासुद्धा आमच्या शाळेत कुणी सोडला नसेल. अहो पण मी काय आपल्या मनानं लावली का? मला सांगितलं म्हणून लावली! आणि सांगणारा कोण, रस्त्यावरचा कुणी? नाही, ड्रॉइंगचा मास्तर! आता रंगातलं ड्रॉइंगच्या मास्तराला कळत नसेल तर कुणाला कळतं? सांगा की! माणसानं खरं कुणाचं धरायचं?

बसा, बसा, तुम्हाला सगळं पहिल्यापासनं सांगतो. मी विरुपाक्ष. सोलापुरात एका हायस्कुलात हेडक्लार्क. माझी गाडी काळी. सोलापुरात काळी गाडी कधी घेऊ नये, ऊन आणि धूळ, दोन्ही तिच्यावरच येतं, हे मला झाडून सगळ्यांनी सांगितलं. पण कधी? गाडी दारात आल्यावर! पेढा तोंडात टाकायचा आणि म्हणायचं, "काळी कशाला घेतली?" बरं, घेतली तर घेतली. चालायली होती बिचारी. धूळ बसली की फडक्यानं पुसायची, परत बसली की परत पुसायची. त्याला काय शास्त्र असतं हे मला काय माहीत?

मग आलं लग्न. माझं नव्हे हो, माझ्या मेहुण्याच्या मुलाचं. शिवशरणचं. अक्कलकोटला. आमची शकुंतला म्हणजे नवरदेवाची मोठी आत्या. आणि सुपारी फुटली त्याच दिवशी हिनं भर बैठकीत जाहीर केलं, "नवरदेव घरातनं निघणार तो मोठ्या आत्याच्या गाडीतनं." आता हे एवढं का, तर आमच्या लग्नात मी टेम्पोतनं गेलो होतो. खताच्या. आणि हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा त्याच्या लग्नात जीपमधनं आला होता. त्याला आता पंचवीस वर्षं झाली, ती जीप भंगारात गेली, पण हिच्या मनात अजून चालू आहे! तेव्हा हा नुसता गाडीचा प्रश्न नव्हता. हा मानाचा प्रश्न होता. आणि मलाही वाटायचंच की हो, एकदा तरी हिच्या माहेरासमोर आपली गाडी फुलं लावून उभी राहावी आणि हिनं ताठ मानेनं पुढचं दार उघडावं. का वाटू नये?

तर तो जीपवाला म्हणजे आमचे साडू, सिद्रामप्पा. अकलूजचे. घरचा ऊस, घरच्या म्हशी, आणि गाडी पांढरी. साखरपुड्याच्या दिवशी भर दुपारी उन्हात माझ्या गाडीभोवती प्रदक्षिणा घातली, वाकले, डोळे बारीक केले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतात, "पावणं, गाडीवर मांजर झोपतंय व्हय? लई ओरखडं हायत की! हे बगा, हितं बगा, गोल गोल जाळंच हाय की! नवरदेव कसा बसवायचा ह्यात? माझी न्या की. पांढरी हाय."

मी पहिल्यांदा वाकून बघितलं. आणि खरंच हो! सूर्य जिथं चमकायला होता त्याच्याभोवती बारीक बारीक गोल रेघा. कोळ्यानं विणल्यासारख्या. इतकी वर्षं मी गाडी वापरली, मला कधी दिसल्या नव्हत्या. एकदा दिसल्यावर मात्र दुसरं काही दिसेचना. परत येताना वळसंग आलं. शकुंतला खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाली, "त्या घरात माझी मान खाली जाऊ देऊ नका." संपलं!

दुसऱ्या दिवशी शाळेत ड्रॉइंगच्या मास्तरांना गाठलं. ते म्हणाले, "टूथपेस्ट! चांगली दाबून घासा. दात पांढरे होतात ते कशानं? त्यात बारीक कच असते. ती ओरखडे भरून काढते." आता कच ओरखडे भरते कशी, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला पाहिजे होता. पडला नाही. मी रविवारी सकाळी बॉनेट घासायला बसलो. आणि तुम्हाला सांगतो, ओरखडे गेले! शप्पथ, गेले! मी आनंदानं शकुंतलेला हाक मारली, ती पोळपाट सोडून आली, तोवर बॉनेट वाळलं. वाळल्याबरोबर ओरखडे परत आले, आणि येताना पाहुणे घेऊन आले! मधोमध हा एवढा पांढुरका डाग, मंद, आंधळा. मास्तरांना सांगितलं तर म्हणाले, "जास्त घासलं तुम्ही. हलक्या हातानं करायचं असतं." अहो, तुम्हीच म्हणला होता ना दाबून? "दाबून म्हणजे, हलकंच दाबून." आता ह्याला काय म्हणावं!

तो डाग बघितला शेजारच्या नरसय्यांनी. आमचे नरसय्या टॉवेलच्या कारखान्यात मुकादम. जन्म टॉवेलात गेला. ते कंपाउंडवरनंच ओरडले, "अय्यो, टूथपेस्ट लावतात का सर! खोबरेल लावा ना! केसाला काय लावताव, चकाकी कशानं येते? आणि पुसायला हा घ्या आमचा नवा टॉवेल. सगळं जग ह्याच्यावर अंग पुसतंय, तुमची गाडी काय महाराणी आहे काय?" पटलं मला. का पटू नये? खोबरेल लावलं, टॉवेलनं पुसलं, आणि काय सांगू, संध्याकाळी गाडी अशी दिसायली, अशी दिसायली, की मी तिच्यात बघून भांग पाडला! शकुंतलेनं फोटो काढून बहिणीला पाठवला. रात्री दोघंही गाढ झोपलो.

सकाळी दार उघडतो तर गाडी कुठं आहे? गल्लीतली सगळी धूळ त्या तेलावर येऊन बसलेली! शेंगाचटणीत घोळून काढल्यासारखी गाडी! मी घाबरून तोच टॉवेल घेतला आणि धूळ पुसली. झालं! होते त्याच्या दुप्पट गोल. म्हणजे मी ओरखडे काढायलो होतो का पाडायलो होतो? नरसय्या म्हणाले, "तेल जास्त झालं सर." हे बघा, सगळ्यांचं सगळं बरोबर असतं, फक्त माझंच जास्त होतं! मग खरं कुणाचं धरायचं?

मग मी फोनमध्ये शिरलो. तिथं शिरू नये माणसानं. एक जण सांगतो, "दोस्तांनो, गाडी रोज धुवा, दोन बादल्या वापरा, एक साबणाची, एक साध्या पाण्याची." दोन बादल्या! सोलापुरात! आमच्याकडं नळाला पाणी येतं ते चार-पाच दिवसांनी एकदा, घरातली माणसं एका बादलीत उरकायलेत, आणि गाडीला दोन? मी शकुंतलेला विचारायला तोंड उघडलं आणि तिचं तोंड बघून मिटलं. बोअरचं वापरावं म्हणलं, तर दुसरा सांगतो, "बोअरचं पाणी? चुकूनसुद्धा नको! क्षाराचे डाग बसतात." तिसरा सांगतो, "गाडी धुऊच नका, रंग मरतो." चौथा म्हणतो, "टॉवेल हा गाडीचा शत्रू! फक्त मायक्रोफायबरचं मऊ फडकं!" आता हे मी नरसय्यांना कसं सांगू? सोलापुरात उभं राहून टॉवेलला नावं ठेवायची? मला घर बदलावं लागेल! पाचवा गडी तर बॉनेटवर पेट्रोल ओतून काडी लावतो, आग विझते, फडकं मारतो आणि म्हणतो, "बघा, काही झालं नाही!" अरे पण मी माझ्या गाडीला आग कशाला लावू? माझी मागणी काय, तुझा पुरावा काय!

आणि सगळ्यात मोठा घोळ पुढंच. एक म्हणतो ओरखडे घालवायला पॉलिश लावा. दुसरा म्हणतो, पॉलिश म्हणजे रंगाचा वरचा थर खरवडून काढणं, सारखं कराल तर गाडी नागडी होईल! पॉलिश लावायचं असतं का काढायचं असतं? शकुंतलेला विचारलं. ती निवडत होती तांदूळ. ती म्हणाली, "बुटाला लावतात." मी म्हणलं, "हो, पण फरशीला?" म्हणाली, "फरशीला मशीननं घासतात." "आणि तांदळाला?" तिनं हातातल्या तांदळाकडं बघितलं. म्हणाली, "तांदळाचं काढतात." मग आम्ही दोघंही त्या सुपाकडं बघत बसलो. मग ती म्हणाली, "गाडी बुटासारखी आहे का तांदळासारखी, एवढं विचारा कुणाला तरी." पण कुणाला विचारायचं हो?

लग्न आलं जवळ. शेवटी मी हिम्मत केली आणि विजापूर रोडवर गाड्या चकाचक करून देणारा एक डिटेलिंग स्टुडिओ आहे तिथं गेलो. स्टुडिओ! पूर्वी फोटो काढायला जायचो, आता गाडी न्यायची. आत एसी, निळे दिवे, फरशी अशी की मी चपला बाहेर काढल्या. मालकाचं नाव माउली. नाव ऐकून जरा धीर आला. टूथपेस्ट कुठली म्हणून विचारलं ते ह्यानंच. बॅटरी मारून मारून त्यानं मला माझी गाडी दाखवली, आणि मला माहीत नव्हते असेही ओरखडे दाखवले. मी म्हणलं, "माउली, एकच सांगा. पॉलिश लावतात का काढतात?" तो म्हणाला, "सर, आधी काढतो, मग लावतो." बघा! म्हणजे सगळेच खरे निघाले! मग मी इतके दिवस भांडत कुणाशी होतो?

"काळजी सोडा," म्हणाला, "मशीननं घासून गोल काढतो, वरून सिरॅमिकचं कोटिंग देतो. काचेसारखं कडक! दगड मारा, काही होत नाही. चिखल टिकत नाही, पाणी थांबत नाही, काही म्हणजे काही चिकटत नाही. आयुष्यभर चिंता नाही." मी विचारलं, "नवरदेव बसवायचाय." म्हणाला, "नवरदेव फिका पडेल सर!"

आणि खोटं कशाला बोला, गाडी झाली! काय झाली हो! मी न्यायला गेलो तर ओळखली नाही. एक ओरखडा नाही. मला तर भरून आलं. शकुंतलेला फोन लावला, म्हणलं, "ताठ मानेनं चल." किल्ली घेतली, दार उघडलं, तेवढ्यात माउली म्हणतो, "हां सर, एक आठवडा फक्त जपा. पाणी लागू देऊ नका. उन्हात लावू नका. झाडाखाली लावू नका, पक्षी असतात. धूळ बसली तर पुसू नका. झाकू नका, झाकण घासतं. आणि टेप, स्टिकर, हळद, कुंकू, तेल, असलं काहीच लावू नका."

मी म्हणलं, "अहो, दगडानं काही होत नाही म्हणला होता ना?"

"दगडानं नाही होत."

"मग पाण्यानं होतं?"

"कोटिंग ओलं आहे ना सर अजून, आतनं. वाळायला आठवडा लागतो."

"पण लग्न परवा आहे!"

"मग ते आधी सांगायचं ना."

म्हणजे परत माझंच! पाण्यापासनं वाचवायला कोटिंग, आणि कोटिंगला पाण्यापासनं वाचवायला मी! सांगा की, खरं कुणाचं धरायचं?

लग्नाच्या दिवशी सकाळी सोलापूर ते अक्कलकोट मी बैलगाडीच्या बरोबरीनं गेलो. समोरनं ट्रक आला की बाजूला घ्यायची, धुरळा खाली बसला की परत निघायचं. वळसंगला एक टँकर पाणी सांडत चालला होता, त्याच्या मागं जायची माझी छाती झाली नाही, चहाच्या टपरीवर थांबलो. शकुंतला पैठणी नेसून, नथ घालून शेजारी. तिच्या मांडीवर माझी छत्री. पाऊस नव्हता हो, पक्षी होते.

दारात पोचलो आणि तुम्हाला सांगतो, तो क्षण मी विसरणार नाही. सगळी भावकी गाडीकडं बघायला लागली! पोरं पळत आली, मेहुणा म्हणाला, "काय गाडी आहे! नवीन काढली का?" शकुंतला उतरली ती अशी उतरली... मान अशी... मला वाटलं, झालं, पंचवीस वर्षांचा टेम्पो आज मागं पडला. सिद्रामप्पांनीसुद्धा परत प्रदक्षिणा घातली, आणि ह्या वेळी काही सापडलं नाही म्हणून नुसतेच खाकरले.

आणि मग आला फुलवाला. हातात झेंडूच्या माळा, जरबेरा आणि ही एवढी टेप. मी आडवा झालो! म्हणलं, "टेप नको." तो म्हणाला, "मग काय गोंद लावू?" मी म्हणलं, "नुसती ठेवा." त्यानं बॉनेटवर माळ ठेवली. घसरली. परत ठेवली, परत घसरली. काही म्हणजे काही चिकटत नाही! माउली ह्या बाबतीत तरी खरा निघाला! टपावर गुच्छ ठेवला तो काचेवरनं सुळकन खाली, बॉनेटवरनं माझ्या पायावर. फुलवाला कमरेवर हात ठेवून म्हणतो, "साहेब, ही गाडी फुलं घ्यायला तयार नाही." लोक हसायले. शकुंतला हसली नाही. ती माझ्याकडं बघायला लागली.

तेवढ्यात शिवशरणला बाशिंग बांधून बाहेर आणलं, आणि त्याच्या मागनं आमच्या सासूबाई. शरणम्मा. नवरदेवाची आजी. एका हातात भाकरतुकडा, एका हातात पाण्यानं भरलेला तांब्या, सुनेच्या हातात हळदीकुंकवाचं ताट. त्या घराची रीत आहे, नवरदेव बसायच्या आधी आजीनं भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, बॉनेटवर हळदीकुंकवाची पाच बोटं ओढायची आणि गाडीवर तांब्या ओतायचा. म्हातारी ह्या दिवसाची वाट बघत जगली हो. आणि मी, तिचा थोरला जावई, भर मांडवादारी बॉनेटसमोर छत्री उघडून उभा!

"अत्ती," मी म्हणलं, "पाणी नको. आणि हळद नको. एक आठवडा थांबा."

"यव्वा! नीर ब्याडेन्री?" म्हातारीला वाटलं तिला कमी ऐकू आलं. "पाणी नको म्हणता? नवरदेवाच्या गाडीला पाणी नको?"

"चाकावर घाला. थोडंसं. मागच्या."

वाजंत्री थांबली. म्हातारीचा तांब्या हातात तसाच, डोळ्यांत पाणी. आणि मी तिथं उभा, डोक्यात ड्रॉइंगचा मास्तर एक सांगायलाय, नरसय्या एक सांगायलेत, माउली एक सांगायलाय, आणि समोर बायकोचे डोळे सांगायलेत की अहो, घालू द्या पाणी, मसणात जाऊ द्या ते कोटिंग. सगळ्यांचं ऐकलं मी. तिचंच सोडून. छत्री हलेना! खरं कुणाचं धरायचं हेच मला कळेना!

आणि सिद्रामप्पा पुढं झाले. म्हणाले, "अत्ती, रडू नगा. माझ्या गाडीवर घाला की. म्हशीवर घालताव तसं घाला, काय हुत न्हाय." म्हातारीनं घातला तांब्या. पुरता ओतला. हळद ओढली, कुंकू ओढलं, फुलवाल्यानं टेप फाडून फाडून लावली, पोरांनी टप बडवला. मी जवळ गेलो, वाकलो, बघितलं, आणि देवाशप्पथ सांगतो, त्या गाडीवर माझ्यापेक्षा जास्त गोल ओरखडे! मी म्हणलं, "साडूभाऊ, हे काय?" म्हणाले, "असत्यात की. पांढऱ्यावर दिसत न्हाईत." बसले, गाडी चालू केली.

नवरदेव बसला, करवली बसली, म्हातारी बसली, मेहुणा कोंबला गेला. आणि शकुंतलेनं एकदा माझ्याकडं बघितलं, पदर सावरला आणि मागच्या दारानं त्यांच्याच गाडीत शिरली. माझ्या गाडीत? माझ्या गाडीत कुणीच नाही हो. पोरांनासुद्धा आयांनी ओढून नेलं, "हात लावू नको रे, ओली आहे ती."

आता लग्नाचे फोटो आलेत. सगळ्या अल्बममध्ये माझी गाडी एकाच फोटोत आहे, कडेला, आणि त्यात फोटोग्राफरनं काय टिपलंय म्हणता? माझ्या बॉनेटमध्ये उमटलेली साडूंची गाडी! फुलं, हळद, बाशिंग, हात हलवणारे सिद्रामप्पा, आणि मागच्या काचेत माझी बायको, माझ्याकडनं तोंड फिरवून बसलेली... तिच्या नथीतले मोती मोजून घ्यावेत इतकं लख्ख, कुठं एक रेघ नाही... नाही, कोटिंग चांगलंच झालंय हो. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.